दिसतो एक ड्राइव्ह, असतात अनेक डिस्क

बँकेत पासबुक भरून घेणारा ग्राहक, रेल्वेचे आरक्षण करणारा प्रवासी किंवा रुग्णालयात रुग्णाचा जुना एक्स-रे मागवणारा डॉक्टर, यांपैकी कोणालाही आपली माहिती नेमकी कोठे ठेवलेली आहे याचा विचार करण्याची वेळ सहसा येत नाही. विचार केलाच तर डोळ्यांसमोर येते ती घरच्या संगणकातील हार्ड डिस्क. धातूची एक डबी आणि तिच्यात सारे काही. मोठ्या संस्थांच्या संगणक कक्षात मात्र अशी एकच डबी नसते. तेथे कपाटाएवढ्या लोखंडी सांगाड्यात ओळीने बसवलेल्या बारा, चोवीस, कधी शेकडो डिस्क असतात. असे असूनही सर्व्हरला विचारले तर तो सांगतो, आपल्याकडे एकच ड्राइव्ह आहे. सर्व्हर खोटे बोलत नसतो. त्याला तेवढेच दाखवलेले असते.

दाखवणे आणि असणे यांतील हे अंतर हाच डिस्क अ‍ॅरेचा गाभा. सांगाड्यात प्रत्यक्ष बसवलेल्या, हाताने काढता-घालता येणाऱ्या डिस्कला या क्षेत्रात ‘फिजिकल ड्राइव्ह’ म्हणतात, तर अनेक डिस्कच्या जागेतून कोरून सर्व्हरला दाखवलेल्या ड्राइव्हला ‘लॉजिकल ड्राइव्ह’. व्याख्या एवढीच आहे. पण या दोहोंचा घोळ झाला की वर्षानुवर्षांच्या नोंदी काही मिनिटांत नाहीशा होऊ शकतात, आणि तो घोळ करणे फार सोपे आहे.

खरे तर हा देखावा एकट्या डिस्कपासूनच सुरू होतो. हार्ड डिस्कच्या डबीत एकावर एक बसवलेल्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरत असतात आणि त्यांच्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावरून वाचन-लेखन करणारी टोके सरकत असतात. एके काळी संगणकाला कोणती तबकडी, कितवे वर्तुळ, त्यातील कितवा तुकडा असा पूर्ण पत्ता सांगावा लागे. आता डिस्क आपल्या जागेचे लहान लहान खण पाडते आणि त्यांना शून्यापासून क्रमांक देते. हा खण पूर्वी ५१२ बाइटचा असे. २०१० नंतर आलेल्या बहुतेक डिस्कमध्ये तो आतून ४०९६ बाइटचा असतो. संगणक फक्त क्रमांक मागतो. तो खण तबकडीवर कोठे आहे, हे डिस्क स्वतःपाशीच ठेवते. एखादा खण खराब झाला तर राखून ठेवलेल्या जागेतील दुसरा खण ती गुपचूप त्या क्रमांकाला जोडून देते. भाडेकरूने खोली बदलली तरी दारावरची पाटी तीच राहावी, तसा हा प्रकार. अ‍ॅरे हीच युक्ती अनेक डिस्कवर पसरून करतो.

शंभर डिस्क आणि तीनशे तास

पहिली व्यापारी हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये ‘रामॅक’ या यंत्रणेबरोबर आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या आणि त्या सर्वांत मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. पुढची तीसेक वर्षे मोठ्या संगणकाची डिस्क म्हणजे अवजड आणि महागडे यंत्र हेच समीकरण कायम राहिले. १९८० च्या दशकात वैयक्तिक संगणक पसरू लागले आणि त्यांच्यासाठी छोट्या, स्वस्त डिस्क मोठ्या संख्येने तयार होऊ लागल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेतील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ मध्ये एक शोधनिबंध मांडून साधाच प्रश्न विचारला. एका अवजड डिस्कच्या जागी अशा शंभर छोट्या डिस्क जोडल्या तर काय होईल? साठवण तेवढीच मिळेल, वीज कमी लागेल आणि अनेक डिस्क एकाच वेळी वाचू-लिहू लागल्याने वेग कितीतरी वाढेल.

अडचण होती ती संभाव्यतेची. त्या काळच्या छोट्या डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास, म्हणजे साडेतीन वर्षांच्या आसपास धरले जाई. शंभर डिस्क एकत्र केल्या की त्यांपैकी कोणती तरी एक बिघडण्याचा सरासरी काळ उरतो अवघा ३०० तास. दोन आठवडेसुद्धा नाहीत. प्रत्येक माहितीचे तुकडे सर्व डिस्कवर पसरलेले असल्यामुळे एक डिस्क गेली की साराच संच निरुपयोगी होणार. शंभर माणसांनी मिळून एक दोर धरावा आणि एकाचा हात सुटताच सगळा भार खाली यावा, अशी ही रचना झाली असती.

यावर तिघांनी सुचवलेला उपाय म्हणजे थोडी जादा जागा राखून तिच्यात हरवलेली माहिती पुन्हा उभी करण्याची सोय ठेवणे. या रचनेला त्यांनी ‘रेड’ हे संक्षिप्त नाव दिले. कल्पनेची बीजे आधीही होती. आयबीएममधील नॉर्मन केन ओउची यांना याच धर्तीच्या पद्धतीसाठी १९७८ मध्ये पेटंट मिळाले होते. पण विखुरलेल्या कल्पनांना एका चौकटीत बसवून त्यांची तुलना करण्याचे काम बर्कलेच्या निबंधाने केले. नावातील एका अक्षराचा अर्थ मूळ निबंधात ‘स्वस्त’ असा होता. पुढे अ‍ॅरे विकणाऱ्या कंपन्यांनी त्याचा अर्थ ‘स्वतंत्र’ असा करून टाकला. त्यांच्या यंत्रांच्या किमती पाहता पहिला शब्द त्यांना अडचणीचाच वाटला असणार.

हरवलेला आकडा परत कसा मिळतो

ही सोय समजायला मोठे गणित लागत नाही. तीन वह्यांत अनुक्रमे ७, ४ आणि ९ हे आकडे लिहिले आहेत आणि चौथ्या वहीत त्यांची बेरीज, २०, अशी कल्पना करावी. दुसरी वही हरवली, तर २० मधून ७ आणि ९ वजा केले की ४ परत मिळतो. बेरजेचीच वही हरवली तर बेरीज पुन्हा करता येते. चारांपैकी कोणतीही एक वही गेली तरी काही बिघडत नाही. दोन गेल्या तर मात्र इलाज नाही. संगणक बेरजेऐवजी सम-विषम पाहतो. सर्व डिस्कवरील त्याच जागेचे बिट घेतले आणि त्यांत १ ची संख्या विषम असली तर राखीव जागेत १ लिहायचा, सम असली तर शून्य. या राखीव नोंदीला ‘पॅरिटी’ म्हणतात. एक डिस्क गेली की उरलेल्या डिस्कचे बिट आणि पॅरिटी यांवरून गेलेल्या डिस्कवरचा प्रत्येक बिट काय असला पाहिजे, हे निश्चित सांगता येते.

मूळ निबंधात रेडचे पाच प्रकार होते. पहिल्यात पॅरिटीची भानगड नाही. प्रत्येक डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर. दुसरा आणि तिसरा प्रकार आज जवळपास विस्मरणात गेला आहे. चौथ्यात सगळी पॅरिटी एकाच डिस्कवर असल्याने प्रत्येक लेखनाच्या वेळी त्या एका डिस्कपुढे रांग लागते. पाचव्यात पॅरिटी पाळीपाळीने सर्व डिस्कवर वाटली जाते आणि रांग मोडते. हाच प्रकार पुढे सर्वाधिक लोकप्रिय झाला. शून्य आणि सहा हे क्रमांक नंतरचे. सहाव्यात दोन वेगवेगळ्या नोंदी राखतात, त्यामुळे दोन डिस्क गेल्या तरी माहिती वाचते. शून्य क्रमांकात तुकडे सर्व डिस्कवर पसरतात, पण राखीव काहीच नसते. नावात रेड असूनही संरक्षण शून्य, एवढा प्रामाणिकपणा त्या क्रमांकात आहे.

थरांवर थर

आता एक साधा अ‍ॅरे घ्यावा. आठ डिस्क, प्रत्येकी ४ टेराबाइटची. कंट्रोलर नावाचे नियंत्रक यंत्र या आठ फिजिकल ड्राइव्हचा एक गट बांधते. रेड ५ निवडला तर एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला जाते आणि २८ टेराबाइट हाती उरतात; रेड ६ मध्ये २४, आणि प्रत्येक डिस्कची जोडीदार प्रत ठेवायची तर फक्त १६. (पडद्यावर हे आकडे आणखी लहान दिसतात, कारण डिस्कचा कारखाना हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत. ४ टेराबाइटची डिस्क तेथे ३.६ च्या आसपास दिसते, त्यात फसवणूक काही नाही.)

या २८ टेराबाइटमधून कंट्रोलर हवे तेवढे लॉजिकल ड्राइव्ह कोरू शकतो. एक ५०० गिगाबाइटचा संगणक चालू करणाऱ्या प्रणालीसाठी, एक १० टेराबाइटचा हिशेबांसाठी, उरलेला फाइलींसाठी. प्रत्येक लॉजिकल ड्राइव्हला सर्व्हरपुढे एक क्रमांक मिळतो, त्याला ‘लन’ म्हणतात. कोणता लन कोणत्या सर्व्हरला दिसावा, हेही ठरवता येते. त्यानंतर सर्व्हर आपल्या बाजूने त्याचे विभाग पाडतो आणि त्यांना सी, डी, ई अशी ओळखीची नावे देतो.

यातला कळीचा मुद्दा असा, की हे तीन लॉजिकल ड्राइव्ह तीन वेगळ्या डिस्कवर नसतात. कंट्रोलर माहितीचे समान तुकडे, बहुधा काही दशक ते काही शतक किलोबाइटचे, पाडतो; पहिला तुकडा पहिल्या डिस्कवर, दुसरा दुसऱ्या, आणि सात तुकड्यांमागे एक पॅरिटीचा. पुढच्या ओळीत पॅरिटीची जागा एका डिस्कने सरकते. अशा ओळींच्या ओळी गटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रचलेल्या असतात आणि प्रत्येक लॉजिकल ड्राइव्ह म्हणजे या ओळींचा एक पट्टा. म्हणजे तिन्ही ड्राइव्ह सगळ्याच्या सगळ्या आठ डिस्कवर असतात.

हे ठाऊक नसलेला कर्मचारी रोज संध्याकाळी डी ड्राइव्हवरील हिशेब ई ड्राइव्हवर उतरवून ठेवतो आणि बॅकअप घेतल्याच्या समाधानात घरी जातो. पडद्यावर दोन वेगळी चित्रे असतात, म्हणून त्याला वस्तूही दोन वाटतात. गट कोसळला तर दोन्ही ड्राइव्ह एकाच क्षणी जातात. तिजोरीची दुसरी किल्ली त्याच तिजोरीत ठेवण्याचाच हा प्रकार, पण पडद्यावरची मांडणी पाहून तसे वाटत नाही हेच त्यातले वाईट.

रेड ५ च्या सोयीची किंमत लेखनाच्या वेळी मोजावी लागते. एक छोटी नोंद बदलायची तर जुनी नोंद वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवी नोंद लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशा चार फेऱ्या होतात. रेड ६ मध्ये सहा. म्हणून कंट्रोलरमध्ये तात्पुरती स्मृती असते आणि लेखन आधी तिच्यात जमा होते. नोंद लिहिली गेली पण पॅरिटी लिहिण्यापूर्वीच वीज गेली, तर दोहोंचा मेळ तुटतो आणि ते लगेच कळतही नाही. त्यासाठी या स्मृतीला स्वतःची बॅटरी किंवा तत्सम आधार देतात. त्या बॅटरीची मुदत संपल्याचा इशारा अनेक ठिकाणी महिनोन्महिने कोणी वाचत नाही.

डिस्क गेल्यानंतरचे तास

डिस्क बिघडणे ही दुर्घटना नव्हे, ती अपेक्षितच असते. कारखान्याच्या माहितीपत्रकावर १० ते १५ लाख तासांचे सरासरी आयुष्य छापलेले असते, म्हणजे वर्षाला शेकडा एकाहूनही कमी बिघाड. रेडच्या तीन जनकांपैकी गार्थ गिब्सन यांनी बियांका श्रोडर यांच्यासह २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रत्यक्षात वर्षाला शेकडा दोन ते चार डिस्क बदलाव्या लागणे सर्रास आढळले आणि काही ठिकाणी हे प्रमाण तेरापर्यंत गेले होते. त्याच वर्षी गूगलच्या संशोधकांनी आपल्या लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी बिघाड सुचवणाऱ्या चार प्रमुख इशाऱ्यांपैकी एकही आधी दिला नव्हता. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरमध्ये हजारो डिस्क आहेत. तेथे डिस्क बदलणे ही बातमी नसते, ते नेहमीचे काम असते.

आठांतील एक डिस्क गेली की लॉजिकल ड्राइव्ह चालूच राहतो. वापरणाऱ्याला काही कळत नाही. फार तर थोडा वेग कमी होतो. पण या क्षणापासून संरक्षण संपलेले असते. नवी डिस्क बसवली, किंवा आधीच बसवून ठेवलेली राखीव डिस्क कामाला लागली, की कंट्रोलर उरलेल्या सातही डिस्क पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंत वाचून गेलेली डिस्क पुन्हा लिहू लागतो. १९८८ च्या निबंधातील छोटी डिस्क १०० मेगाबाइटची होती आणि सेकंदाला सुमारे एक मेगाबाइट देत असे. ती पूर्ण वाचायला दोन मिनिटेही लागत नसत. आजच्या २० टेराबाइटच्या डिस्कला सेकंदाला २५० मेगाबाइटचा वेग धरला तरी बावीस तास लागतात, आणि तेही दुसरे कोणतेच काम नसेल तर. डिस्कची जागा दोन लाख पटींनी वाढली, वेग अडीचशे पटींनी. सारी अडचण या विषमतेत आहे.

या तासांत जुन्या डिस्कवर पूर्वी कधी पडला नाही असा ताण पडतो. त्या बहुधा एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या, सारखेच काम केलेल्या असतात, त्यामुळे दुसरी डिस्कही त्याच सुमारास जाण्याचा संभव गणितात धरलेल्यापेक्षा अधिक असतो. शिवाय पूर्ण डिस्क न बिघडता एखादाच खण वाचता न येणे हेही पुरेसे असते. घरगुती दर्जाच्या डिस्कसाठी कारखाने साधारणतः १०० लाख कोटी बिटांमागे एक न वाचता येणारी चूक अशी मर्यादा सांगतात. आकडा प्रचंड वाटतो, पण तो होतो केवळ साडेबारा टेराबाइट. आपल्या उदाहरणात तर सात डिस्क मिळून २८ टेराबाइट वाचायचे आहेत. प्रत्यक्षात डिस्क या मर्यादेपेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात आणि महागड्या डिस्कची मर्यादा दहापट पुढे असते. तरीही मोठ्या डिस्कसाठी रेड ५ वापरू नये, असे जाणकार आज सांगतात ते यामुळेच. दुसरी पॅरिटी ही चैन राहिलेली नाही.

आणि माणसाचा हात

यंत्र एवढे सांभाळत असताना माणूस चुकतो, तो बहुधा याच तासांत. पडद्यावर ‘ड्राइव्ह ३ निकामी’ असे लिहून येते. काही यंत्रांत कंट्रोलर शून्यापासून मोजतो आणि समोर उभा असलेला माणूस एकपासून. तो तिसरी डिस्क ओढतो. प्रत्यक्षात निकामी असते चौथी. एक डिस्क आधीच गेलेली, दुसरी त्याने स्वतः काढलेली; रेड ५ चा गट तेथेच कोसळतो. यासाठीच बहुतेक अ‍ॅरेंमध्ये बिघडलेल्या डिस्कचा दिवा लुकलुकवण्याची सोय असते. ती न वापरता खण मोजत बसणे हा शुद्ध हलगर्जीपणा होय.

कंट्रोलर बदलण्याची वेळ याहून नाजूक असते. गटाची रचना, म्हणजे डिस्कचा क्रम, तुकड्यांचा आकार, पॅरिटीची चाल, ही साधारणतः डिस्कवरच एका कोपऱ्यात नोंदलेली असते. नवा कंट्रोलर ती वाचतो आणि विचारतो, ही परकी रचना स्वीकारायची की पुसायची? स्वीकारली तर सर्व ड्राइव्ह जसेच्या तसे परत येतात. पुसून नवी रचना बांधली तर सर्व्हरला एक कोरा करकरीत ड्राइव्ह दिसतो. प्रत्यक्ष डिस्कवरचे तुकडे अजून जागच्या जागी असू शकतात. त्यांना अर्थ देणारा नकाशा मात्र गेलेला असतो. अशा वेळी घाबरून आणखी काही न लिहिता यंत्र बंद केले, तर डेटा परत मिळवणारे तज्ज्ञ तो नकाशा तुकड्यांवरून जुळवू शकतात. ड्राइव्ह ‘इनिशियलाइझ’ केला, सगळे खण शून्याने भरले, की त्यांच्याही हाती काही उरत नाही.

आणखी एक सापळा आहे. एक डिस्क मार्चमध्ये गटातून बाहेर पडली आणि कोणी लक्ष दिले नाही. सप्टेंबरमध्ये दुसरी गेली आणि ड्राइव्ह बंद पडला. आता तंत्रज्ञ घाईने मार्चमधली डिस्क जबरदस्तीने पुन्हा गटात घेतो आणि ड्राइव्ह दिसू लागतो. पण त्या डिस्कवर मार्चनंतरचे काहीच नाही. सप्टेंबरच्या हिशेबात मार्चची पाने मिसळतात. यावर दुरुस्तीचे साधन चालवले, की ते आपल्या समजुतीप्रमाणे उरलेलेही ‘दुरुस्त’ करून टाकते. आधी गेलेली डिस्क कोणती आणि नंतरची कोणती, हे नोंदवहीत तारखेनिशी लिहिलेले असेल तर हा प्रसंग टळतो.

मोठ्या अ‍ॅरेंमध्ये आता आठ-आठ डिस्कचे गट बांधण्याची पद्धत मागे पडत आहे. शेकडो डिस्कची एकच सामाईक जागा करून प्रत्येक डिस्कवर थोडी राखीव जागा मोकळी सोडतात. एक डिस्क गेली की तिचे तुकडे उरलेल्या सर्व डिस्क मिळून वाटून घेतात, त्यामुळे पुनर्बांधणीचे तास बरेच कमी होतात. याच रचनेत सर्व्हरला १०० टेराबाइटचा ड्राइव्ह दाखवून प्रत्यक्षात लिहिले जाईल तेवढीच जागा देण्याचीही सोय असते. बँक सर्व ठेवीदारांची रक्कम एकाच वेळी गल्ल्यात ठेवत नाही, तसेच हे. सगळे जण एकदम काढायला आले तर काय होते, हेही बँकेसारखेच. प्रत्यक्ष जागा संपताच त्या जागेवर वसलेल्या साऱ्याच लॉजिकल ड्राइव्हचे लेखन थांबू शकते.

ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या डेटा सेंटरमध्ये असाच एक मोठा अ‍ॅरे कोलमडला. बिघाड डिस्कचा नव्हता, तर अ‍ॅरेमधील स्मृतीच्या कार्डाचा. राज्य सरकारच्या २६ विभागांचे काम अडले आणि वाहन परवाने देणाऱ्या खिडक्या कित्येक दिवस परवाने देऊ शकल्या नाहीत. सर्व डिस्क शाबूत असूनही लॉजिकल थर मोडू शकतो, हे त्यातून दिसले. उलट बाजूचे उदाहरण गिटलॅब या संगणक-आज्ञावली साठवणाऱ्या कंपनीचे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याने दुरुस्ती करताना चुकीच्या सर्व्हरवरील डेटाबेस पुसला. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी चार-साडेचार उरले. यंत्रसामग्रीत कोणताही दोष नव्हता. पुसण्याची आज्ञा मिळाल्यावर अशी यंत्रणा ती इमानेइतबारे पाळते. पॅरिटीसुद्धा पुसलेल्या माहितीशी सुसंगत करून ठेवते. कंपनीकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या आणि ऐन वेळी त्यांतली एकही धड चालत नसल्याचे आढळले. सहा तासांपूर्वी एका अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत हाती होती म्हणून बहुतेक माहिती परत आली. मधल्या सहा तासांतील नोंदी गेल्या त्या गेल्याच.